कारळ्याचं कालवण

पहिला घास तोंडात गेला आणि लालासाहेबाचा हात ताटातच थांबला. दाढेखाली खडा आल्यावर माणूस थांबतो तसा. पण खडा नव्हता. मटणाच्या कालवणात भाजलेलं खोबरं होतं, कांदा होता, सांगलीकडं असतो तसा घसा धरणारा तिखटपणा होता. ते सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला एक वेगळी चव सावकाश उमटली. करपट, तेलकट, थोडी कडसर. भाजलेलं कारळं. आपण दचकलो आहोत हे मानेवर घाम आल्यावर त्याला कळलं. गणपती पेठेच्या मागून नदीकडं उतरणाऱ्या बोळातली ही बिनपाटीची खानावळ त्याला आज अचानकच सापडली होती. दोन बाकडी, काजळी धरलेली भिंत, आतल्या दाराला गोणपाटाचा पडदा. मालक पीरमहंमद, चाळिशीचा, उंच आणि पाठीत वाकलेला, खांद्यावर पंचा टाकून स्वतःच वाढत होता. "तिखाट झालं का सायेब?" त्यानं विचारलं. "न्हाई, बरं हाय," लालासाहेब म्हणाला. पडद्यामागं कुणीतरी भाकरी थापत होतं. तो आवाजही ओळखीचा आहे असं त्याला वाटलं. मग वाटलं, भाकरी थापल्याचा आवाज सगळीकडं सारखाच असतो. त्यानं मान खाली घातली आणि ताट पुसून खाल्लं. बाहेर पडताना पडद्याकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि तसा तो न बघताच बाहेर पडला.

साताऱ्याच्या एका कारखान्याचा तो फिरता माणूस होता. उसाचे चरक विकायचे, विकलेले बसवून द्यायचे, बिघडले तर कुठं बिघडलं ते बघून यायचं. कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव, सांगली, परत कऱ्हाड. कधी आगगाडी, कधी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणारी मोटार. या फिरण्यात त्याला जेवायच्या जागा शोधायचा नाद लागला होता. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. हॉटेलात भाताची मूद वाटीएवढी झाली होती आणि चहात गूळ आला होता. तरी कुठंतरी कुणीतरी मन लावून रांधत असतंच, असं तो म्हणायचा. लोणंदला कांद्याच्या वखारींमागं एक म्हातारी निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत द्यायची. वाईच्या घाटावर एका भटजीच्या घरात, आधी सांगून ठेवलं तर, अळूची भाजी आणि ऊन भात मिळायचा. कारखान्यातले लोक कुठं जायचं झालं की त्याला विचारत. लालासाहेबाची जीभ मोठी पारखी, असं मॅनेजरसुद्धा म्हणायचा. तो हसायचा. घरी जेवायला बसलं की आपला घास फिरतो, म्हणून आपण गावोगाव ताटं शोधत हिंडतो, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते त्याला स्वतःलाही नीट उमगलेलं नव्हतं.

आज स्टेशनाकडं चालताना ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. घास फिरायला लागला तो वहिनी गेल्यापासून. अंजना जतच्याही पलीकडून, कानडी मुलखाला लागलेल्या एका कोरड्या गावातून त्यांच्या घरात आली. येताना तिनं लुगड्यात बांधून कारळं आणलं होतं. ते भाजून, पाट्यावर वाटून तिनं पहिल्यांदा कालवणात घातलं तेव्हा आबा, लालासाहेबाचे वडील, म्हणाले, हे काळं पाणी कसलं? पण जोतिबानं, तिच्या नवऱ्यानं, भांड्यात तळाला राहिलेलंही निपटून घेतलं. मग ते घरात रुजलं. वाढताना ती "साकू?" म्हणून विचारायची. पुरे का, असा त्याचा अर्थ. आणि जोतिबा मुद्दाम "न्हाई साकू" म्हणायचा. मग जोतिबा पलटणीत गेला, सिंगापूरला गेला, सिंगापूर पडलं. आधी पत्ता नसल्याची तार आली, पुढच्या साली मेला असं धरावं म्हणून. अंजनाच्या बांगड्या फोडल्या. त्या दिवशी संध्याकाळी तिनं चूल पेटवली तेव्हा आबा, तात्याबा पाटील, ज्यांच्यासमोर गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे, ते ओसरीवरून म्हणाले, "हिच्या हातचं आता नगं." बनूआत्याला बोलावून घेतलं. त्यानंतर अंजनाला चुलीपाशी बसू दिलं नाही. लालासाहेब फिरतीवरून आला की ती परसात जोत्यावर बसलेली दिसायची. हात मांडीवर, तळवे वर. काहीच न करणारे हात इतके मोठे दिसतात हे त्याला तेव्हा कळलं. तो आत जाऊन आत्यानं वाढलेलं जेवायचा. एका आषाढात तो विट्याहून परत आला तर आत्यानं सांगितलं, अंजना नदीत गेली. काठावर घागर सापडली, पाणी मोठं होतं, देह मिळाला नाही. दिवसही घालून झाले होते. त्या रात्री त्याला भाकरी उतरली नाही.

आणि गेल्या दिवाळीनंतर जोतिबा चालत घरी आला.

कुठल्यातरी बेटावर जपान्यांनी त्याला ठेवलं होतं. एवढंच तो बोलला. दारातच आबांनी त्याला सांगितलं, अंजना नदीत गेली. जोतिबानं मान हलवली आणि प्यायला पाणी मागितलं. तेव्हापासून तो घरात होता आणि नव्हता. रानात जायचा, बांधावर बसायचा, समोर येईल ते संथपणे चावून खायचा आणि "ब्येस झालंय" म्हणायचा. खारट असलं तरी ब्येस, अळणी असलं तरी ब्येस. ताटातली अर्धी भाकरी तो कुणाला न दिसेल अशी बंडीत घालायचा आणि अंथरुणाखाली ठेवायचा. सकाळी आत्या ती वाळकी भाकरी काढून म्हशीला टाकायची आणि म्हणायची, येवढं घरात भरलंय, तरी ह्येची भूक जाईना. जोतिबा तिकडं बघायचाही नाही. पुढच्या रात्री पुन्हा भाकरी ठेवायचा. अंगावर मांस चढत होतं, पण चेहरा कुणीतरी आतून खरवडून काढल्यासारखा राहिला होता. लालासाहेब घरी असला की दोघे शेजारी बसून जेवत. आपल्याला याच्याशी काय बोलायचं आहे ते त्याला कधी आठवत नसे.

कारळं सगळेच घालतात, तो स्वतःला सांगत राहिला. जतकडच्या कुणी बाई असतील. सांगलीत तिकडची माणसं थोडी आहेत का? गाडीत, कचेरीत, चरकाच्या दातऱ्यांना ग्रीस लावताना तो हे सांगत राहिला, आणि तरीही पंधरवड्याच्या आत, काम नसताना, त्यानं तासगावहून वाट वाकडी केली आणि त्या बोळात आला. दुपार कलली होती. गिऱ्हाईक उठून गेलं होतं. पीरमहंमदनं ताट मांडलं. आज वांग्याचं कालवण होतं, आणि कारळं होतंच. पडद्याआड एक लहान मूल काहीतरी मागत होतं. मग बाईचा आवाज आला, दमलेला, थोडा घोगरा. "साकू आता, परवीन. पोट दुखंल."

लालासाहेबानं हातातला घास ताटात ठेवला. उठून जावं, असं त्याच्या पायांना वाटत होतं. इथून उठायचं, बोळ चढायचा, टांगा करायचा, आणि सांगली आपल्या पट्ट्यातून काढून घ्या असं मॅनेजरला सांगायचं. नदीत गेलेलं माणूस नदीतच राहील. पीरमहंमद समोरच्या बाकड्यावर येऊन बसला. पंच्यानं त्यानं तोंड पुसलं.

"आत जावा सायेब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमी कोण त्ये तिनं पयल्या खेपंलाच वळखलं. म्हणाली, परत आलं तर आत पाठवा, न्हाई आलं तर बरंच हाय."

आत धूर होता आणि छपरातून उन्हाचा एक पट्टा चुलीच्या बाजूला पडला होता. अंजना चुलीपुढं बसली होती. अंग भरलं होतं. कपाळावरचं गोंदण तेवढं तसंच होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या. दीडेक वर्षांची पोरगी तिच्या पाठीला बिलगून त्याच्याकडं बघत होती.

"बसा भावजी," ती म्हणाली.

तो पाटावर बसला. "बऱ्या हायसा न्हवं, वैनी?"

"हाय. हितं जरिना म्हणत्यात." तिनं परातीत पीठ ओढलं. "आत्याबाई हायती?"

"हायती." मग त्याच्यानं राहवलं नाही. "आमाला सांगितलं, तुमी नदीत गेला."

ती हसली नाही, चिडलीही नाही. "असं सांगितलं व्हय. आबांनीच मला सातारा रोडला गाडीत बसवलं. म्हणाले, म्हायेरी जा, हिकडं परत दिसू नगं. म्हायेरात दुष्काळ. भावानं दारातनंच हात जोडलं. परत येताना मिरजंला उतरले, चालत हितपतुर आले. ह्यांची आई दारात बसली हुती. म्हातारीनं आदी ताट वाढलं, मग नाव इचारलं." तिनं गोळा मळून हातात घेतला. "जेवून झाल्यावर म्या म्हणलं, चुलीकडं बसू का? म्हातारी म्हणाली, बस की. तवापासनं बसलीया. म्हातारी गेली औंदा."

ती भाकरी थापू लागली. ते हात पुन्हा हात झाले होते. पीठ त्यांच्याखाली गोल गोल फिरत पसरत होतं. लालासाहेबाला वाटलं, एवढं बघून उठावं. हे जे आहे ते पुरं आहे. पण वाक्य त्याच्या तोंडात आधीच तयार होऊन बसलं होतं, आणि ते गिळावं की टाकावं हे ठरायच्या आतच ते बाहेर आलं.

"वैनी, दादा जिता हाय. दिवाळीमागं आला."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटायची वेळ आली तरी तिचा हात हलला नाही. भाकरीच्या कडा काळ्या पडू लागल्या, जळका वास सुटला, पोरगी "अम्मा" म्हणाली. मग अंजनानं बोटांनीच ती उचलून बाजूला ठेवली. बोटं भाजली असावीत. तिनं ती तोंडात घातली नाहीत, पदरात गुंडाळली.

"बोलत्यात का?" तिनं विचारलं.

"लय न्हाई."

"जेवत्यात?"

"जेवतो. पर अर्धी भाकरी अंथरुणाखाली ठेवतो. आत्या रोज काढून म्हशीला घालती."

"तिला सांगा, उचलू नगं म्हणावं ती." पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "ऱ्हाऊ द्या तितंच. वाळू द्या, कुजू द्या. मानसाच्या उशाची भाकरी काढू नये."

त्यानं मान हलवली.

"आन माजं सांगू नगा त्यास्नी. मी आता हिची आई हाय." तिनं पोरीला पुढं ओढून मांडीवर घेतलं. "जावा भावजी. जेवान टाकून उठू नगा तेवढं."

तो बाहेर येऊन पुन्हा ताटावर बसला आणि थंड झालेलं कालवण जेवला. पीरमहंमद दारात पाठ करून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. पडदा गोणपाटाचाच तर होता. लालासाहेब निघाला तेव्हा तो म्हणाला, "सायेब, यायचं असंल तर येत जावा. न्हाई तर कायमचं येऊ नगा. मदलं काय करू नगा." त्याच्या आवाजात धमकी नव्हती. भीती होती, आणि ती त्यानं लपवलीही नव्हती.

मोटारीत कोळशाचा धूर आत येत होता. शेजारचा माणूस त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. न सांगणं सोपं आहे, लालासाहेबाला वाटत होतं. त्यांच्या घरात न सांगणं जन्मापासून शिकवलेलं होतं. आबांनी आत्याला खरं सांगितलं नसेल, आत्यानं विचारलं नसेल, आपणही काठावरची घागर बघायला गेलो नाही. खोटं एकटे आबाच बोलले होते. बाकी सगळे फक्त जेवत राहिले होते. पण घरी पोचला तर ओसरीवर लोणंदकडची दोन माणसं बसलेली. आबांनी जोतिबासाठी मुलगी बघितली होती. विजयमाला नाव, वय सतरा, घर चांगलं. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची. आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "घरात बाई आली म्हंजी मानूस ताळ्यावर येतंय." जोतिबा खांबाला टेकून बसला होता. त्याला विचारलं तर तो "बघू" म्हणाला. ब्येस म्हणायचा त्याच आवाजात.

सकाळी आत्या अंथरुणं उचलायला गेली तेव्हा लालासाहेब दारात आडवा आला. "ती भाकरी ऱ्हाऊ दे आत्या. आजपासनं उचलायची न्हाई." आत्यानं त्याच्याकडं बघितलं, काही विचारणार होती, विचारलं नाही. दुपारी तिनं बांधून दिलेली शिदोरी घेऊन तो रानात गेला. जोतिबा विहिरीच्या थारोळ्याशी बसला होता. ऊस तुटून गेला होता. मोकळं, पाचट पसरलेलं रान उन्हात पांढरं दिसत होतं. लालासाहेबानं फडकं सोडलं नाही. उभ्या उभ्याच तो म्हणाला, "दादा, वैनी जिती हाय."

जोतिबा रानाकडं बघत राहिला. "व्हय," तो म्हणाला.

लालासाहेबाला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नाही. "जिती हाय म्हणतोय मी. आबांनी घालवली तिला."

"ठावं हाय. ती पान्याला भ्यायची, लाला. कोरड्या मुलखातली. घागर बी आडावरनं आणायची, नदीकडं कवा फिरकली न्हाई. तुला कसं ठावं असंल ते? आबा दारात बोलला तवाच मला कळलं."

"मग हुडकलं का न्हाईस?"

जोतिबानं आपले दोन्ही हात समोर धरले आणि परक्याचे असावेत तसे बघितले. "हुडकून काय करू? तिकडं जगायसाठी काय काय खाल्लंय म्या. कोणी मेलं की आमी त्याच्या तोंडाकडं आदी बघत नव्हतो, त्याच्या वाटच्या भाताकडं बघायचो. आन भात संपल्यावर..." ते वाक्य त्यानं पुढं कधीच पुरं केलं नाही. "ह्या हातानं तिच्या ताटात जेवू?"

वाऱ्यानं पाचट थोडं हललं. लालासाहेब खाली बसला.

"कुटं हाय?"

"सांगलीला. खानावळीत रांधती. लगीन झालंय, पोरगी हाय एक. घरधनी मुसलमान हाय."

"जेवतो न्हवं तिच्या हातचं?"

"व्हय."

"मग झालं," जोतिबा म्हणाला. "आबाला सांग, लोणंदच्या मानसांस्नी न्हाई कळव म्हणावं. आणखी एका पोरीला कशाला त्या चुलीम्होरं बसवायची?" मग त्याचा आवाज बदलला. इतक्या महिन्यांत लालासाहेबानं तो ऐकला नव्हता. "तू जेवलास तितं?"

"दोनदा."

"काय हुतं?"

"एकदा मटन, एकदा वांगं. कारळं घातल्यालं."

"असं नगं," जोतिबा म्हणाला. "सुरवातीपासनं सांग. तिकडं आमी असंच करायचो. दिवेलागणीला एकानं सांगायचं, बाकीच्यांनी डोळं मिटून खायाचं. सांगणाऱ्यानं घाई केली तर शिव्या बसायच्या. एक मदरासी हुता, सांबार सांगायचा. मी हिचं कालवण सांगायचो. माजं ऐकून दोगं मेलं, पर जेवून मेलं." त्यानं पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. "ताट कसलं हुतं?"

लालासाहेबानं आजवर कारखान्यातल्या बाबूंना कितीतरी ताटं सांगितली होती, हसत, मिटक्या मारत. आता एकेक शब्द शोधावा लागला. "जरमनचं," तो म्हणाला. "कडा चेपल्याली. भाकरी जोंदळ्याची, मदी पातळ, कडंला जाड. ऊन ऊन. वर मिठाचा खडा आन कांदा फोडल्याला."

"हं."

"कालवण तांबडं न्हाई, काळपट. वर तेलाची तार. आदी तिखाट लागतं, मग खोबरं. गिळल्यावर मागनं कारळं येतं."

जोतिबाचा जबडा सावकाश हलू लागला. तो चावत होता. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. लालासाहेब सांगत राहिला. वांग्याच्या फोडी कशा होत्या, देठ ठेवला होता की नाही, मटणातल्या नळीतून मगज निघाला की नाही. जे आठवत नव्हतं ते त्यानं बनवलं. मध्येच त्याच्या ध्यानात आलं की आपली शिदोरी फडक्यात तशीच आहे आणि आपल्यालाही भूक लागली आहे, घरच्या भाकरीची भूक, वर्षानुवर्षांत लागली नव्हती तशी. त्यानं फडक्याकडं हात नेला नाही. भाऊ जेवत होता.

शेवटची भाकरी मोडून झाली, ताट पुसून झालं. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. जोतिबानं डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावरच्या खळग्यात उतरलं आणि तिथंच थांबलं.

"मग पानी दिलं आसंल," तो म्हणाला.

"दिलं."

"तिनं? तिच्या हातानं?"

पाणी पीरमहंमदनं दिलं होतं. ती पडद्याबाहेर आलीच नव्हती.

"व्हय," लालासाहेब म्हणाला. "तिच्या हातानं."